फाटक्या कानाचं चित्र

आमची कुत्री खारी गेली त्याच्या तिसऱ्या दिवशी भाच्यानं मोबाइलवर एआयकडून तिचं एक चित्र करून घेऊन पाठवलं. त्याच्या प्रेमात खोट नव्हती. तिला रात्री औषध पाजायला तो दोन आठवडे आमच्याकडे झोपायला येत होता. चित्रात खारी हिरव्यागार कुरणात बसली होती, मागे इंद्रधनुष्य, डोक्याभोवती उजेडाचं वलय. अंग तुकतुकीत, डोळे टपोरे, आणि दोन्ही कान उभे, टोकदार, अखंड. मी ते चित्र बराच वेळ बघत राहिले. सुंदर होतं. पण त्यात खारी नव्हती.

खारीचा डावा कान टोकापासून अर्ध्यापर्यंत फाटलेला होता. ती साताऱ्यातल्या आमच्या जिन्याखाली एका पावसाळ्यात येऊन बसली तेव्हा तीनचार महिन्यांची असेल. कान तेव्हाच फाटलेला आणि जखम वाळलेली. रंग खारी बिस्किटाचा, म्हणून खारी. पुढे ती तेरा वर्षं राहिली. तो कान कशानं फाटला, तारेत अडकला की दुसऱ्या कुत्र्यानं धरला, ते आम्हाला कधीच कळलं नाही. आमच्याकडे येण्याआधी तिचं जे काही तीनचार महिन्यांचं आयुष्य होतं, त्याची तेवढी एकच नोंद तिच्या अंगावर होती. संगणकानं ती दुरुस्त करून टाकली. त्याला वाटलं असावं, चूक आहे.

त्या दिवसापासून हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. गेलेल्या प्राण्याचं चित्र आपण का करतो आणि ते कसं असलं पाहिजे? माझं म्हणणं असं की हे चित्र सुंदर नसलं तरी चालेल, पण त्यात तोच जीव दिसला पाहिजे, दुसरा नाही. माणसाच्या तसबिरीत थोडी रंगसफेदी चालून जाते, कारण माणसामागे कागद राहतात. शाळेचा दाखला, सातबारा, पत्रं, लग्नातले फोटो, चार लोकांच्या चार आठवणी. कुत्र्यामांजराच्या मागे काय राहतं? लशींची एक घडी पडलेली वही, एक पट्टा, सोफ्याच्या कडेला घासून पडलेला डाग. चित्र हाच त्याचा सगळा दस्तऐवज. शिवाय माणूस जिवंतपणी सांगून ठेवू शकतो की माझा तो फोटो लावू नका. जनावर काहीच सांगत नाही. ज्याला हरकत घेता येत नाही त्याच्याबाबतीत आपण जास्त जपून वागायला हवं.

हे चित्र करणं म्हणजे आजकालचं फॅड, असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांना मी आतकूरच्या दगडाबद्दल सांगते. कर्नाटकात मंड्या जिल्ह्यात आतकूर नावाचं गाव आहे. तिथे मिळालेला, दहाव्या शतकाच्या मध्यातला एक वीरगळ आज बंगळूरच्या सरकारी वस्तुसंग्रहालयात आहे. आपल्याकडे गावोगाव देवळाबाहेर वीरगळ दिसतात, खाली लढाई, मधे अप्सरा वीराला नेताहेत, वर शिवलिंगापुढे तो हात जोडून बसलेला. आतकूरच्या दगडावर वीर नाही. एक कुत्रा आणि एक रानडुक्कर एकमेकांना भिडले आहेत, आणि भोवती जुन्या कन्नडातला मजकूर आहे.

मजकुराला मोठी पार्श्वभूमी आहे. राष्ट्रकूट सम्राट तिसरा कृष्ण आणि चोळ यांच्यात तक्कोलमला लढाई झाली, तीत चोळ युवराज राजादित्य मारला गेला. राष्ट्रकूटांच्या बाजूनं गंग राजा बूतुग लढत होता. त्याच्या मनलेर नावाच्या सरदारानं पराक्रम केला. राजा खूश होऊन म्हणाला, माग काय हवं ते. मनलेरनं राजाकडचा काळी नावाचा शिकारी कुत्रा मागितला. पुढे एका डोंगराजवळ काळी मोठ्या रानडुकरावर तुटून पडला आणि दोघंही एकमेकांना मारून मेले. मनलेरनं आतकूरच्या चल्लेश्वराच्या देवळासमोर त्याच्या नावाचा दगड उभा केला आणि त्या दगडासाठी जमीन लावून दिली. ती जमीन सांभाळणाऱ्या गोरवानं, म्हणजे आपल्याकडच्या गुरवासारख्या शैव पुजाऱ्यानं, दगडाची पूजा केल्याशिवाय जेवायचं नाही, असाही दंडक त्यात घातला आहे.

मला या दगडातल्या तीन गोष्टी फार मोलाच्या वाटतात. एक, कुत्र्याचं नाव. तक्कोलमची लढाई जिथे कोरली गेली तिथेच काळीही कोरला गेला, त्याच छिन्नीनं. दुसरी, डुक्कर. दगड घडवणाऱ्यानं त्याला किरकोळ केलेलं नाही. काळी ज्या झुंजीत गेला ती झुंज जशीच्या तशी राहिली, तिचा शेवट गोड केला गेला नाही. आणि तिसरी, ती जमीन. चित्र कोरून मनलेर मोकळा झाला नाही. कुणीतरी रोज त्या दगडाकडे बघेल याची त्यानं व्यवस्था लावली.

असंच काहीसं जहांगीर बादशहानं केलं. लाहोरजवळ, आजच्या पाकिस्तानातल्या शेखूपुऱ्याला, त्याचा मनसराज नावाचा पाळीव काळवीट मेला. बादशहानं त्याच्या कबरीवर काळविटाच्याच आकाराचा दगड बसवायला सांगितला, मजकूर कोरून घेतला आणि त्या परिसरात हरणाची शिकार करायची नाही असा हुकूम काढला. कबरीवरचा तो दगडी काळवीट आज राहिलेला नाही. हिरन मिनार म्हणून प्रसिद्ध असलेला मनोरा आहे. जहांगीर स्वतः नादी शिकारी होता, हे लक्षात घेतलं म्हणजे त्या हुकमाचं वजन कळतं. एका काळविटाचा चेहरा ओळखीचा झाला आणि त्यामुळे त्याच्या जातीच्या बाकीच्यांना जीवदान मिळालं.

आमच्या साताऱ्यातही असा एक दगड आहे. शहरापासून चारपाच किलोमीटरवर कृष्णा आणि वेण्णा मिळतात ते संगम माहुली. तिथे छत्रपती थोरल्या शाहू महाराजांच्या समाधीपाशी एका कुत्र्याची समाधी आहे, दगडी कुत्र्यासह. तो महाराजांचा लाडका खंड्या. शिकारीत वाघापासून त्यानं महाराजांना वाचवलं आणि महाराजांनी त्याला पालखीचा मान दिला, असं इथली जुनी माणसं सांगतात. लहानपणी आम्ही नदीवर जायचो तेव्हा माणसं महाराजांच्या समाधीला नमस्कार करून झाल्यावर सहज वाकून खंड्याच्या पाठीवरही हात ठेवताना दिसायची. कुणी त्यावर वाद घालत नसे.

वाद होतो तो रायगडावरच्या वाघ्या कुत्र्याच्या पुतळ्यावरून. तो पुतळा १९३६ साली होळकरांच्या देणगीतून उभा राहिला. राम गणेश गडकऱ्यांच्या ‘राजसंन्यास’ नाटकानं वाघ्याची, म्हणजे शिवाजी महाराजांच्या चितेत उडी घेणाऱ्या त्यांच्या कुत्र्याची, कथा घरोघरी नेली होती. समकालीन कागदपत्रांत या कुत्र्याचा उल्लेख नाही, हा इतिहासकारांचा आक्षेप आहे. २०१२ साली काही कार्यकर्त्यांनी पुतळा उखडला, तो पुन्हा बसवला गेला, आणि २०२५ मध्ये तो हटवण्याची मागणी पुन्हा झाली. पुतळा राहावा की जावा, या वादात मला इथे शिरायचं नाही. मला वेगळंच दिसतं. वाघ्याचा पुतळा एका कुत्र्याची आठवण म्हणून घडलेला नाही, तो इमानाचा पुतळा आहे. ज्यानं तो घडवला त्यानं ते कुत्रं पाहिलेलं नव्हतं, आणि ज्यानं पाहिलं असेल त्यानं काही लिहून ठेवलं नाही. त्यामुळे त्याला कुठलीच खूण नाही. तो कुठल्याही कुत्र्याचा असू शकतो, आणि म्हणूनच त्यावर माणसांना आपापली भांडणं टांगता येतात.

इमान हा शब्द कुत्र्याच्या मढ्याला आपण फार लवकर चिकटवतो. एडिंबरोत ग्रेफ्रायर्स बॉबी नावाच्या टेरियरचा पुतळा आहे. मालकाच्या थडग्यापाशी तो चौदा वर्षं बसून राहिला, अशी त्याची कथा. तो १८७२ मध्ये गेला आणि पुढच्याच वर्षी पुतळा उभा राहिला. अशा पुतळ्यांमागे बहुधा माणसांना शिकवण असते, की असं इमानी असावं. खारी इमानी होती का? समोरच्या घरी मासे असले की ती दुपारभर तिकडे असायची. तिला विजांची भीती वाटायची, ती न्हाणीघरात जाऊन बसायची. आईच्या शेवटच्या आजारात ती खोलीच्या दाराशी झोपायची, पण आत कधी आली नाही. यातून काय शिकायचं? काहीच नाही. ती तशी होती. जिवंतपणी जिच्याकडून आपण काही शिकायला बसलो नव्हतो, तिला मेल्यावर धड्याचं पुस्तक का करायचं?

इमानाच्या पुतळ्यांत सगळ्यात प्रसिद्ध तोक्योच्या शिबुया स्टेशनबाहेरचा हाचिको. पण त्याच्या बाबतीत एक गोष्ट अशी आहे की ती कळली तेव्हा मला खारीच्या कानाचं कोडं सुटल्यासारखं वाटलं. हाचिकोचे मालक प्राध्यापक उएनो १९२५ मध्ये अचानक वारले. त्यानंतर जवळजवळ दहा वर्षं हा अकिता जातीचा कुत्रा स्टेशनवर येऊन थांबायचा. १९३४ च्या एप्रिलमध्ये त्याचा पुतळा बसवला तेव्हा तो स्वतः तिथे हजर होता. ८ मार्च १९३५ ला तो गेला. पुतळा युद्धकाळात धातूसाठी वितळवला गेला. मूळ शिल्पकार तेरू आंदो युद्धातच गेले. त्यांच्या मुलानं, ताकेशी आंदो यांनी, नवा पुतळा घडवला आणि तो १९४८ मध्ये बसवला.

हाचिकोचं शरीर मात्र पेंढा भरून ठेवलं आहे, तोक्योच्या उएनो भागातल्या राष्ट्रीय विज्ञान संग्रहालयात. त्याचीच कातडी, त्याचेच केस. आणि या शरीराचे दोन्ही कान उभे आहेत. म्हाताऱ्या हाचिकोचा डावा कान पडलेला होता. शिबुयाला त्याला रोज पाहणाऱ्या माणसांच्या ओळखीचा हाचिको हा एक कान पडलेलाच होता. शिल्पकारानं तो पडलेलाच घडवला, आणि दुसऱ्या वेळी त्याच्या मुलानंही तसाच. म्हणजे प्रत्यक्ष अंग ज्याच्यात आहे ती वस्तू त्याला धडधाकट करून बसली, आणि अंगाचा कणही नसलेल्या ब्राँझनं खरं सांगितलं. कारण ब्राँझवाल्यानं त्याला समोर बसवून बघितलं होतं.

बघणं हाच यातला कळीचा भाग आहे. एआयनं केलेल्या चित्राबद्दल माझी तक्रार ते यंत्रानं केलं ही नाही; कॅमेराही यंत्रच आहे. पण कॅमेऱ्याला समोर काहीतरी असावं लागतं. कॅमेऱ्यासमोर खारी बसली, तिच्या अंगावरून परतलेला उजेड भिंगातून आत गेला, म्हणून फोटो आला. चित्र तयार करणारी ही प्रणाली हजारो-लाखो कुत्र्यांच्या चित्रांवरून कुत्रं कसं असतं याचा एक अंदाज बांधते आणि आपण दिलेला फोटो त्या अंदाजाकडे ओढून नेते. अंदाजात फाटका कान बसत नाही. गावठी कुत्र्याची बारीक कंबर, तोंडावरचे पांढरे होत गेलेले केस, गोचीड काढताना राहिलेला व्रण, काहीच बसत नाही. जे सगळ्यांत सारखं ते उरतं आणि जे एकीचंच होतं ते गळतं. आपल्याला आठवण एकीची असते.

त्या इंद्रधनुष्याचीही गोष्ट हीच आहे. पाळीव प्राणी मेला की जगभर ‘इंद्रधनुष्याचा पूल’ या कल्पनेचा आधार दिला जातो. पुलाअलीकडच्या कुरणात आपलं जनावर बरं होऊन, तरुण होऊन वाट बघत असतं, अशी ती कल्पना. ती कुणी लिहिली हे कित्येक वर्षं कुणालाच माहीत नव्हतं. २०२३ मध्ये इतिहास-संशोधक पॉल कुदूनारिस यांनी तो धागा शोधून काढला तेव्हा कळलं की १९५९ साली स्कॉटलंडमधल्या एडना क्लाइन-रेखी यांनी एकोणीस वर्षांच्या असताना तो मजकूर लिहिला होता, त्यांचा लॅब्रॅडॉर कुत्रा मेजर गेला तेव्हा. मजकूर हातोहाती पसरला. लिहिणारीचं नाव त्यातून गळलं आणि मेजर त्याच्याही आधी गळला. आता तो पूल सगळ्यांचा आहे, म्हणून आमच्या खारीच्याही मागे येऊन उभा राहिला. ज्यांना त्यातून धीर येतो त्यांचा मी तो काढून घेणार नाही. पण मेजर तसा होता तरी कसा, हे आता त्या पुलावरून कुणाला कळणार नाही.

मग नटवणं मुळातच वाईट का? इथे मला माझंच म्हणणं थोडं मागे घ्यावं लागतं. आमच्या भागात, माणदेशाकडे, खिल्लार बैलाच्या जिवावर घरं चालली. आजही नावाजलेला बैल गेला की चौकात भावपूर्ण श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागतो, काही ठिकाणी त्याचा रीतसर दशक्रियाविधी होतो. फ्लेक्सवरचा फोटो बहुतेक बेंदराचा असतो, नाहीतर यात्रेतला. शिंगं रंगवलेली, बाशिंग, पाठीवर झूल, गळ्यात घुंगुरमाळ. हा फोटोही सजवलेलाच. तरी तो मला खोटा वाटत नाही. ती झूल त्याच्या पाठीवर खरोखर होती, घरातल्या कुणीतरी पहाटे उठून शिंगांना रंग दिला होता आणि बैल वर्षातून एकदा तसा मिरवला होता. जिवंतपणी अंगावर चढवलेला साज हा त्याच्या आयुष्याचाच भाग. मेल्यावर वरून लावलेलं वलय त्याच्या आयुष्यात कधीच नव्हतं.

आणि बैलांच्या बाबतीत आपली भाषाच मुळी खुणेवरून चालते. ढवळ्या, पवळ्या, बांड्या, चांद्या. बाजारात बैल पारखणारा माणूस अंगावरचा भोवरा कुठे आहे हे आधी बघतो, शिंगांची ठेवण सांगतो, खुराचा रंग सांगतो. कपाळावर चांद आहे म्हणून चांद्या. तो चांद चित्रातून काढला तर नावालाच अर्थ उरत नाही. जे जनावरं नुसती पाळत नव्हते, त्यांच्याबरोबर राबत होते, त्यांना खूण हा दोष वाटला नाही. दोष काढून टाकून जनावर गोजिरं करायची हौस त्यांच्याशी फक्त खेळणाऱ्यांना सुचते, असं मला वाटतं. हे जरा कठोर झालं, पण तसंच वाटतं.

हे फॅड आहे म्हणणाऱ्यांपेक्षा आत्याचा आक्षेप खोल होता. आमच्या माजघरात भिंतीवर पितरांची रांग आहे: आजोबा, आजी, काका, आई. खारीचा फोटो मी त्या रांगेत लावायला घेतला तेव्हा आत्या म्हणाली, “अगं, तिच्यावर आमचाही जीव होता. पण त्या रांगेत नको लावूस. त्या भिंतीवर आहेत त्यांचं आपण श्राद्ध करतो.” तिला कुत्र्याचा विटाळ नव्हता, खारीला सायीचा भात घालणारी तीच. तिचं म्हणणं असं की तसबिरीच्या जागेला अर्थ असतो. तिथे लावलेल्या माणसाची तिथी पाळायची, त्याला पान वाढायचं, त्याचं देणं फेडायचं. नुसतं आवडतं म्हणून तिथे काही लावायचं नसतं.

मी हे मान्य केलं, आणि अजूनही करते. पण तिच्याच बोलण्यातून मला माझं उत्तर मिळालं. कुत्रं गेलं की घरात सुतक नसतं. भेटायला कुणी येत नाही. दहावं नाही, तेरावं नाही, नोकरीच्या ठिकाणी रजा मागायची लाज वाटते. एकटी राहणारी कितीतरी वयस्कर माणसं मी पाहते, ज्यांना दिवसाकाठी एकच जिवंत स्पर्श होतो, तो कुत्र्याचा नाहीतर मांजराचा. तो गेला की त्यांना म्हणतात, “दुसरं आणा.” माणसाच्या मृत्यूला आपल्या पूर्वजांनी तेरा दिवसांचं काम लावून दिलं, हात रिकामे राहू नयेत म्हणून. इथे हातांना कामच नाही. चित्र करणं हे ते काम होऊ शकतं. भाच्यानं अर्ध्या मिनिटात केलेल्या चित्राबद्दल माझी खरी हळहळ हीच आहे, की त्यात त्याला काहीच करावं लागलं नाही. ज्या मुलानं पंधरा रात्री जागून काढल्या, त्याला तिच्याकडे अजून थोडा वेळ बघत बसण्याची गरज होती.

म्हणून आम्ही दोघं बसलो. सगळ्यांच्या मोबाइलमधले खारीचे फोटो गोळा केले, चारशेच्या वर निघाले. बहुतेकांत ती वरून दिसते, कारण माणूस उभा राहून फोटो काढतो. डोकं मोठं, पाय छोटे, सगळी कुत्री अशा फोटोत सारखीच दिसतात. जे चारदोन फोटो भाच्यानं फरशीवर पालथं पडून काढले होते, त्यांत ती तिच्या स्वतःच्या उंचीवर होती. समोरच्या खिडकीतला उजेड एका बाजूनं आल्यामुळे अंगावरचा एकेक केस कुठल्या दिशेनं वळतो ते कळत होतं. काळं कुत्रं असतं तर हे आणखी अवघड झालं असतं. कॅमेरा समोरचं सगळं मिळून मध्यम करड्या उजेडाचं आहे असं धरून चालतो, मग काळं अंग धुरकट राखी होतं, नाहीतर नुसता काळा डाग उरतो. ज्यांच्याकडे काळं कुत्रं किंवा मांजर आहे त्यांनी त्याला खिडकीशी बसवून, पडद्यावर त्याच्या अंगावर बोट ठेवून उजेड थोडा कमी करून आजच फोटो काढावेत. दोन्ही बाजूंनी काढावेत. झोपेतलेही काढावेत, आणि नखांचा फरशीवरचा टकटक आवाज रेकॉर्ड करून ठेवावा. तो आवाज घरातून जातो तेव्हा घर किती मोठं होतं हे आधी कळत नाही.

निवडलेल्या फोटोवरून भाच्यानं पेन्सिलीनं चित्र काढायला घेतलं. तो काही चित्रकार नाही. पहिल्या चित्रात त्यानं केस सगळे एकाच दिशेनं काढले, खारी गोणपाटासारखी दिसली. मग तो फोटो मोठा करून बघायला लागला. नाकापासून कपाळाकडे केस वर जातात, डोळ्यांच्या कडेला बाजूला फाकतात, मानेखाली एक भोवरा आहे. तेरा वर्षांत आमच्यापैकी कुणालाच तो भोवरा दिसला नव्हता. मी त्या मानेखाली रोज खाजवत होते. कानाची चीर काढताना तो थांबला. ती सरळ नव्हती, मधे एक वाकण होतं आणि तिथे कातडी जाड झाली होती, म्हणजे जखम दोनदा झाली असावी. जिन्याखाली येऊन बसण्याआधी त्या पिल्लाचं काय काय झालं होतं, याचा आम्हाला तिच्या मृत्यूनंतर पहिल्यांदा इतका अंदाज आला.

आता जुन्या फोटोंना हलवून दाखवणाऱ्या सोयीही निघाल्या आहेत. गेलेल्या नातेवाइकांचे फोटो २०२१ मध्ये पापण्या लववताना, मान वळवताना दिसायला लागले तेव्हा पुष्कळ जण रडले. कुत्र्यामांजरांचंही तसं करता येतं. मला हे नको आहे, आणि का नको ते सांगायला हवं. प्राण्याची ओळख चेहऱ्यापेक्षा चालीत जास्त असते. अंधारात जिन्यावर पाऊल वाजलं की ती खारी आहे की शेजारचा बोका हे आम्हाला कळायचं. यंत्रानं दिलेली हालचाल दुसऱ्याच कुणाची तरी असते, आणि डोळ्यांना हालचाल फार लवकर पटते. चार वेळा ती बघितली की खरी चाल पुसली जाण्याचा धोका आहे. स्थिर चित्र निदान जागा अडवत नाही. ते गप्प राहतं आणि बाकीचं आपल्याला आठवावं लागतं.

भाच्याचं चित्र पितरांच्या रांगेत लावलं नाही. दाराशेजारी, गुडघ्याएवढ्या उंचीवर, जिथे ती बसायची तिथे लावलं. बघायचं तर वाकावं लागतं. येणारे जाणारे पहिल्यांदा हसल्यासारखं करतात, मग वाकतात, आणि जवळजवळ प्रत्येक जण एकच विचारतो: कानाला काय झालं होतं? त्या अखंड कानांच्या चित्राला हे कुणी विचारलं नसतं. विचारलं की मग सांगावं लागतं, जिन्याखालचा पाऊस, वाळलेली जखम, समोरच्यांचे मासे, न्हाणीघर.

यंदाच्या सर्वपित्रीला आत्यानं नेहमीसारखी पानं वाढली. श्राद्धात गाईचा घास असतो, कावळ्याचा असतो, तसा कुत्र्याचाही असतो. तर्पणातही ब्रह्मदेवापासून गवताच्या काडीपर्यंत सगळ्यांना पाणी सोडतात. तेरा वर्षं कुत्र्याचा घास खारीनं खाल्ला होता, त्यामुळे तो कुठे ठेवायचा हा प्रश्न आमच्या घरात कधी आलाच नव्हता. आत्या पान हातात घेऊन दाराशी थांबली. चित्राकडे बघितलं. मग चप्पल घालून, गुडघे दुखत असताना, दोन जिने उतरून खाली गेली. कोपऱ्यावरच्या टपरीखाली एक तांबडी कुत्री असते, अंगावर खरूज, जवळ कुणी येऊ देत नाही. मी गॅलरीतून बघत होते. आत्यानं पान तिच्यापासून लांब ठेवलं, पाठ फिरवली आणि न बघता परत आली. वर येऊन म्हणाली, “तिच्या शेपटीला गाठ आहे बघ, मधोमध. उद्या तुझ्या भाच्याला म्हणावं, तिचाही एक फोटो काढून ठेव.”